दुमडलेला कोपरा

आमच्या दवाखान्यात आता कागद नाही. धाकट्या मॅडम हे वाक्य आल्यागेल्याला ऐकवतात, आणि ऐकवताना त्यांचा चेहरा असा फुलतो की कागद हा जणू एखादा रोग होता आणि तो त्यांनी बरा केला. मी काउंटरवर बसून ऐकते. माझ्या पुढ्यात एक स्क्रीन आहे, कीबोर्ड आहे आणि खोट्या झाडाची एक कुंडी आहे. पूर्वी तिथे पेनांचा डबा असायचा.

दिंडोरी रोडवरच्या या बाळंतपणाच्या दवाखान्यात मी सव्वीस वर्षं काउंटर सांभाळते आहे. हुद्दा म्हणाल तर रिसेप्शनिस्ट. गावाकडून येणाऱ्या बायका मला सिस्टर म्हणतात, काहीजणी मावशी म्हणतात, आणि मी कोणालाही दुरुस्त करत नाही. दवाखाना मोठ्या मॅडमनी सुरू केला. आता त्यांचे गुडघे गेलेत, त्या घरीच असतात, आणि त्यांची सून म्हणजे धाकट्या मॅडम सगळं बघतात. धाकट्या मॅडमबद्दल पुढे माझ्या लिहिण्यात कडवटपणा येईल, म्हणून आधीच सांगून टाकते: त्या हुशार आहेत, त्यांचा हात हलका आहे आणि त्या पेशंटवर कधी ओरडत नाहीत. मोठ्या मॅडम ओरडायच्या. बायका त्यांना घाबरायच्या आणि सगळं काही फक्त त्यांनाच सांगायच्या.

मोठ्या मॅडमच्या काळात प्रत्येक बाईचं एक कार्ड असे. फिकट पिवळं, जाड, रविवार कारंजावरच्या एका छापखान्यातून छापून आणलेलं. लोखंडी कपाटाच्या खणांत ती गावांप्रमाणे लावलेली असत. दिंडोरीचा खण, वणीचा खण, पेठचा, मखमलाबादचा. आडनावांवर लावून उपयोग नव्हता, कारण अर्ध्या गावाचं आडनाव एकच. बाई दारातून आत आली की मी गाव विचारायचे, आणि ती बाकावर टेकेपर्यंत तिचं कार्ड माझ्या हातात असायचं. कार्डावर मॅडम मनाला येईल ते लिहीत. ‘सुईला घाबरते, बोलतं ठेवा.’ ‘सासू चांगली आहे, तिला आत घ्या.’ ‘गोळ्या घेते म्हणते, घेत नाही.’ असल्या गोष्टींना आता रकाना नाही. आणि ज्याला रकाना नाही ते हळूहळू कोणी विचारेनासं होतं.

काही कार्डांचा उजवीकडचा वरचा कोपरा दुमडलेला असे. त्याचा अर्थ एकच होता. या बाईची गोष्ट तिच्या घरी कळता कामा नये.

कोणी मूल नको म्हणून तांबी बसवून घेतलेली असायची आणि नवऱ्याला त्याचा पत्ता नसायचा. कोणी मार खाऊन आलेली असायची आणि घरच्यांच्या सांगण्यात ती पायरीवरून पडलेली असायची. कोणाचं लग्नाआधीचं काही असायचं. मॅडम त्या बाईच्या समोर कार्ड हातात घ्यायच्या, कोपरा दुमडायच्या, वरून अंगठ्याचं नख फिरवायच्या आणि म्हणायच्या, “हा कोपरा दुमडला. आता तुझी गोष्ट या दाराबाहेर जायची नाही.” वाचता येत असो नसो, कोपरा सगळ्यांना दिसतो. पुढच्या खेपेला आली की बाई आधी माझ्या हातातल्या कार्डाकडे बघायची, मग माझ्याकडे.

माझ्यासाठी नियम ठरलेले होते. दुमडलेल्या कार्डावरच्या नंबरवर कधीही फोन लावायचा नाही. हातात चिठ्ठी द्यायची नाही. तारीख तोंडी सांगायची, आणि तीसुद्धा बाईला लक्षात राहील अशी, संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी किंवा पोळ्यानंतरचा सोमवार. बरोबरच्या माणसाने विचारलं तर सांगायचं, रक्त कमी आहे, त्याच्या गोळ्या चालू आहेत. रक्त बहुतेकींचं कमीच असायचं, म्हणून हे खोटंही नव्हतं. यातलं काहीही कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. लिहून ठेवलं तर ते गुपित कसलं. मोठ्या मॅडमना ठाऊक, मला ठाऊक आणि त्या त्या बाईला ठाऊक. मला याचा फार अभिमान होता, हे कबूल करते. शिक्षण बारावी, पण तालुकाभरातल्या बायकांची गुपितं माझ्या पोटात होती आणि एकही कधी बाहेर आलं नव्हतं.

आता तिच्याबद्दल. तिचं कार्ड दिंडोरीच्या खणात होतं. द्राक्षबागेतली बाई, हातांच्या बोटांना कायम औषधाचा वास. घरची थोडी बाग, शिवाय टोळीबरोबर दुसऱ्यांकडे छाटणीला, घड औषधात बुडवायच्या डिपिंगला जायची. दोन मुली, दोन्ही सिझरिंगने. दुसऱ्या वेळी रक्तस्राव थांबेना तेव्हा मोठ्या मॅडम तीन तास टेबलापासून हलल्या नव्हत्या. त्याच वेळी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून टाकू का असं त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं. तो नाही म्हणाला. शांतपणे, नमस्कार करून नाही म्हणाला. मग सव्वा महिन्यानंतर ती मुलीला डोस द्यायला म्हणून एकटी आली आणि मॅडमच्या समोर बसून म्हणाली की मला आता झेपायचं नाही. मॅडमनी तांबी बसवली. कार्डावर लाल शाईने लिहिलं, ‘आता पुन्हा नको. जिवाला धोका.’ आणि कोपरा दुमडला. पुढे दर वर्षी ती दसरा-दिवाळीच्या सुमाराची गोडी छाटणी उरकली की यायची. कधी बांगड्या भरायला म्हणून, कधी मुलीच्या चपला आणायला म्हणून. चार वर्षं असं बिनबोभाट चाललं होतं.

मग धाकट्या मॅडमनी कम्प्युटर आणला.

वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. पूर्वी सुरगाण्याकडची बाई रक्ताच्या रिपोर्टसाठी दोन बस बदलून यायची आणि रिपोर्ट आलेला नसला की बाकावर बसून रडायची. आता रिपोर्ट तिच्या गावातल्या आशा सेविकेच्या मोबाइलवर जातो. सोनोग्राफीचं चित्र इथून शहरातल्या मोठ्या डॉक्टरला मिनिटात दिसतं. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माझं भांडण मशीनशी नाही, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं. कोणाशी आहे ते येईलच पुढे.

कपाटातली सगळी कार्डं स्कॅन करायची आणि त्यातली माहिती सॉफ्टवेअरमध्ये भरायची, असं ठरलं. कंपनीचा एक माणूस आला. चाळिशीचा, टायवाला, बोलायला गोड. त्याने मला शिकवलं. बावन्नाव्या वर्षी मी माउस धरायला शिकले, आणि चौथ्या दिवशी त्याने धाकट्या मॅडमच्या देखत सांगितलं की या ताई आमच्या ट्रेनिंगमधल्या सगळ्यात फास्ट आहेत. त्या रात्री घरी मी सगळ्यांना दोनदा ही गोष्ट सांगितली. माझ्या वयाच्या बाईला कोणी फास्ट म्हणत नाही. मला वाटत होतं, हा कम्प्युटर आला की आपल्याला निरोपाचा नारळ देणार, आणि इथे तर माझं कौतुक चाललं होतं.

स्कॅनरमध्ये दुमडलेलं कार्ड अडकायचं. दोनदा अडकलं तेव्हा त्या माणसाने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला विचारलं की बऱ्याच कार्डांचा हाच कोपरा दुमडलेला दिसतोय, याला काही अर्थ आहे का.

तो प्रश्न मला अजून ऐकू येतो. सरळ विचारलं होतं त्याने. त्याच्या जागी दुसरा असता तर विचारलंही नसतं.

“काही नाही हो,” मी म्हणाले. “जुनी कार्डं आहेत, दुमडतात.”

का म्हणाले? वीस-पंचवीस वर्षांची सवय. कोपऱ्याबद्दल कोणी विचारलं की काही नाही म्हणायचं, हीच तर माझी नोकरी होती. परक्या पुरुषाला मी ते सांगणार नव्हते. शिवाय, हेही लिहून टाकते, मला मागासलेलं दिसायचं नव्हतं. हा माणूस पासवर्ड, बॅकअप असलं बोलणारा, त्याला मी काय सांगू, की आमच्याकडे बायकांची गुपितं कोपरे दुमडून ठेवतात? गुपित राखायचं म्हणून मी गप्प बसले, आणि मनात म्हणाले की मला सगळ्या जणी पाठ आहेत, मी बघून घेईन.

मग तो म्हणाला की कोपरे सरळ करून द्या. मी दिले. एकेक कार्ड काउंटरवर ठेवून, अंगठ्याचं नख फिरवून, जसा मॅडम दुमडायच्या तसाच मी कोपरा सरळ केला. अडतीस कार्डं होती. तिचंही त्यात होतं, आणि ते करताना तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला नाही. माझं लक्ष वेगाकडे होतं.

मोबाइल नंबरच्या रकान्यापुढे लाल चांदणी होती. म्हणजे तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कार्डांवर नंबर होते. पहिल्या भेटीत ‘घरचा नंबर’ म्हणून बायका जो देतात, तो. घरचा म्हणजे नवऱ्याचा. स्वतःचा मोबाइल असला तरी बाई सहसा तो देत नाही, मी इतकी वर्षं बघते आहे. दुमडलेल्या कार्डावरचा नंबर आम्ही कधी लावलाच नव्हता, त्यामुळे तो कोणाचा आहे याने कधी काही बिघडलं नव्हतं. मी ते सगळे नंबर भरले. एकही आकडा चुकला नाही.

आणि माझी एवढ्यावर हौस भागली नाही. सॉफ्टवेअर पेशंटना तारखेची आठवण आपोआप पाठवणार होतं. ते संदेश इंग्रजीत होते. त्यात तांबीला ‘आययूडी फॉलोअप’ असं काहीतरी होतं. धाकट्या मॅडम म्हणाल्या, आपल्या बायकांना हे कळायचं नाही, तुम्ही सोप्या मराठीत करून द्या. मी घरून वही आणली आणि जेवणाच्या सुट्टीत बसून एकूण एक संदेश मराठीत केला. ‘नमस्कार ताई. तुमच्या तांबीच्या तपासणीची तारीख जवळ आली आहे. दवाखान्यात जरूर या.’ मॅडम म्हणाल्या, किती गोड लिहिलंत. इंग्रजीत राहिलं असतं तर तिच्या नवऱ्याला ते कळलं नसतं. बँकेचा नाहीतर कंपनीचा मेसेज समजून त्याने तो पुसून टाकला असता. कळावं म्हणूनच मी ते लिहिलं होतं.

दिवाळीनंतर संदेश जायला लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ती आली. बरोबर सासू आणि नवरा. इतक्या वर्षांत ती गोडी छाटणीनंतर अशी कोणाबरोबर कधी आली नव्हती, आणि दारातच मला समजलं.  नवऱ्याच्या बुटांना बागेतला चिखल होता. तो ब्लोअरने औषध फवारायचं काम सोडून आला होता. त्याने मोबाइल माझ्यापुढे काउंटरवर ठेवला. आवाज चढवला नाही.

“हा मेसेज इथूनच आला ना?” त्याने विचारलं.

मी म्हणाले की चुकून आला असेल, नावं सारखी असतात, कम्प्युटरचा घोटाळा होतो कधीकधी.

“नाव हिचं, गाव आमचं, नंबर माझा,” तो म्हणाला. “मग चूक कुठं हाय?”

चूक कुठेच नव्हती. नोंद अगदी बरोबर होती.  सासू बाकावर बसून पदराने तोंड पुसत होती आणि म्हणत होती की चार वर्षं आम्ही वणीला नवस बोलतोय, आणि ही आम्हाला वेड्यात काढतेय. माणसं वाईट नव्हती, हे लिहायला जीवावर येतं, पण नव्हती. त्यांना लाज वाटत होती. सगळ्या गावात आपणच मूर्ख ठरलो, अशी लाज.

ती मधे उभी होती. ती कोणाकडेच बघत नव्हती. काउंटरवर जिथे पूर्वी मी तिचं कार्ड ठेवायचे त्या जागेकडे बघत होती. तिथे आता प्लास्टिकची कुंडी होती.

“माझीच हाय,” ती म्हणाली. “मीच बसवली.”

धाकट्या मॅडमनी जे करायला हवं ते सगळं केलं. तिला एकटीला आत घेतलं, दार लावलं. तिला सांगितलं की हा तुझा निर्णय आहे, कोणीही जबरदस्ती करू शकत नाही, आणि पुन्हा दिवस गेले तर तुझ्या जिवाला धोका आहे. मी ट्रे घेऊन आत होते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “काढून टाका मॅडम. मला घरी जायचंय.”

मॅडमनी नवऱ्यालाही आत बोलावून धोका समजावून सांगितला. तो म्हणाला की देव बघून घेईल, आणि डॉक्टर आहेतच की. नंतर संमतीचा फॉर्म टॅबलेटवर उघडला. तिने काचेवर बोटाने सही केली. द्राक्षाच्या औषधाने बोटं फुटलेली होती, सही दोनदा करावी लागली. रुग्णाची संमती, हिरवी खूण. कोणी तपासायला आलं तर आमच्या नोंदीत एक काना-मात्रा चुकलेली सापडणार नाही.

त्या रविवारी मी मोठ्या मॅडमना भेटायला गंगापूर रोडला त्यांच्या घरी गेले. सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. मला ओरडून घ्यायचंच होतं. त्या गुडघ्याला शेकायची पिशवी लावून बसल्या होत्या, ती थंड झाली तरी काढली नाही. मग त्यांनी एवढंच विचारलं की कोपऱ्याचं तू सुनेला सांगितलं नव्हतंस का. मी म्हणाले, नाही. त्या म्हणाल्या, मीपण नाही. आम्हा दोघींनाही ते गुपित फार आवडलेलं होतं, आणि त्याची किंमत भरायला तिसरीच बाई होती.

उरलेल्या सदतीस जणींसाठी मी धावपळ केली. खण रिकामे झाले होते, कार्डं गठ्ठे बांधून माळ्यावर गेली होती, हजारो नोंदी एकेक चाळायला वेळ नव्हता, म्हणून आठवून आठवून मी एकेकीची नोंद उघडली आणि नवऱ्याचा नंबर पुसून स्वतःचा नंबर घातला. काहीजणी आठवल्याच नाहीत. मला सगळ्या पाठ आहेत, असं म्हणणारी मी. सात नोंदींनंतर सॉफ्टवेअरने सांगितलं की या क्रमांकावर आणखी पेशंट नोंदवता येणार नाहीत. मग माझ्या नवऱ्याचा, बहिणीचा, भाच्याचा नंबर घातला. आमच्या घरी एकेकाला तांबीचे संदेश यायला लागले तेव्हा नवरा हसला. मी त्याच्यावर इतकी खेकसले की तो फोन घेऊन बाहेर निघून गेला.

शेवटी धाकट्या मॅडमना सगळं सांगितलं. त्या रडल्या, खरंच रडल्या, आणि त्याच आठवड्यात कंपनीकडून एक नवा रकाना करून घेतला. ‘संदेश पाठवू नये.’ तिथे खूण केली की संदेश जात नाही. फक्त त्या बाईची नोंद उघडली की स्क्रीनवर वरच्या बाजूला लाल अक्षरांत ‘गोपनीय’ अशी पट्टी येते. इतकी ठसठशीत, की काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या नवऱ्यालाही वाचता यावी. मी स्क्रीन भिंतीकडे वळवून बसते. मानेला रग लागते.

ती पुढच्या उन्हाळ्यात आली, तिसरा महिना घेऊन. आठवडे सरत गेले तशी सोनोग्राफीत दिसलं की वार जुन्या टाक्यांवरच बसली आहे आणि गर्भपिशवीला चिकटली आहे. आता इथे मशीनबद्दल खरं बोलायला हवं. धाकट्या मॅडमनी तिचे सगळे रिपोर्ट, जुनं कार्ड, सोनोग्राफी, सगळं शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला आधीच पाठवून ठेवलं. तिकडे रक्त तयार होतं, दोन सर्जन तयार होते. ‘जिवाला धोका’ हे मोठ्या मॅडमचं लाल शाईतलं अक्षर तिकडच्या डॉक्टरांनी स्क्रीनवर वाचलं. पिशवी काढावी लागली, पाच दिवस ती अतिदक्षता विभागात होती, पण वाचली. कार्ड कपाटाच्या खणातच राहिलं असतं तर वाचली असती की नाही, सांगता येत नाही. आणि कार्ड खणातच राहिलं असतं तर हे काही झालंच नसतं. मी दोन्ही वाक्यं मनात पुन्हापुन्हा म्हणून पाहते, आणि कोणतंच पुरत नाही.

मुलगा झाला.

दोन महिन्यांनी ती बाळाला घेऊन डोससाठी आली, नवऱ्याबरोबर. त्याने काउंटरवर पेढ्यांचा पुडा ठेवला. नवा शर्ट, कपाळावर गुलाल. मला वाटलं होतं तो माझ्याकडे बघणार नाही. तो उलट हात जोडून म्हणाला, “लय उपकार झाले तुमचे. तुमचा तो मेसेज आला नसता ना, तर आम्ही आजून तसंच बसलो असतो.” वर म्हणाला की दवाखान्याकडून लिंक आली होती, त्यावर मी पाच स्टार दिलेत. मी पेढा घेतला. तोंडात टाकला. गिळलाही.

तो बाळाचं टोपडं विसरलं म्हणून गाडीकडे गेला. ती बाळाला खांद्यावर घेऊन उभी राहिली. वर्षभरात तिचे केस कपाळावरून मागे गेले होते, गळ्याची हाडं वर आली होती. मी बाळाची नोंद करायला तिची नोंद उघडली. नंबरच्या रकान्यात मी थांबले आणि हळूच विचारलं की माझा नंबर घालू का.

“त्यांचाच राहू द्या,” ती म्हणाली. “आता लपवायला काय राह्यलंय.”

तेवढ्यात स्क्रीनवर तिचं जुनं कार्ड आलं. पिवळं, मॅडमच्या अक्षरातलं. त्या दिवशी मी स्क्रीन वळवलेली नव्हती. तिने ते ओळखलं आणि पुढे वाकून बघितलं. सरळ केलेल्या कोपऱ्यावर घडीची एक बारीक रेघ राहिली आहे, ती स्कॅनमध्येही उमटली आहे. तिने काचेवर नेमकं तिथे बोट ठेवलं.

“मावशी,” तिने विचारलं, “हा कोपरा कोणी सरळ केला?”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी कदाचित खरं बोलले असते.

“मशीनने,” मी म्हणाले.

तिने मान हलवली. बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. दारातून नवरा टोपडं घेऊन येताना दिसला तेव्हा तिने काचेवरचं बोट काढलं आणि माझ्या हातावर हात ठेवला.

“मशीनला काय कळतंय,” ती म्हणाली. “तुम्ही नका मनाला लावून घेऊ.”